डबलबेल किरणांच्या खोलीत

तिला नाव नव्हतं असं नाही. चांगलं घसघशीत, आत्याने हट्टाने ठेवलेलं नाव होतं. पण डेपोत कुणी ते एकदा तरी उच्चारलं असेल तर शप्पथ! सगळ्यांसाठी ती डबलबेल. बसची कंडक्टर. अंगाने काडी आणि आवाज असा, की "चला, पुढे सरका, पुढे सगळं रिकामं आहे!" म्हणून ओरडली की बसमधले तर सरकायचेच, खाली थांब्यावर उभी असलेली माणसंही उगाच एक पाऊल पुढे टाकायची. नवरा त्याच डेपोत ड्रायव्हर. तो चारचौघांत सांगायचा, "लग्नाला मी हो कुठे म्हटलं? हिने बेल दिली, मी गाडी काढली." यावर ती डोळे वटारायची आणि मग सगळ्यांत आधी स्वतःच हसायची.

अशी ही बाई एक दिवस बसमधून उतरवली जायच्या बेतात आली. गाड्यांमध्ये तिकीट देणारी पेटी बसवायचं ठरलं. पेटीला पगार नको, रजा नको, चहा नको. साहेबांनी सगळ्या कंडक्टरांना बोलावून गोड आवाजात सांगितलं, की कुणालाही काढणार नाही, डेपोच्या भांडारात सामावून घेऊ. भांडारात काम काय, तर जुने टायर आणि नटबोल्टांची खोकी सांभाळायची. डबलबेलच्या अंगाचा तिळपापड झाला. दिवसभर माणसांशी भांडणारी, हसणारी, परक्यांची पोरं कडेवर घेऊन उतरवणारी बाई, तिने आता टायरांशी बोलायचं?

तिच्या बसचा शेवटचा थांबा मोठ्या हॉस्पिटलचा होता. रोज ठरलेली काही माणसं ठरलेल्या फेरीला तिथे उतरायची. कुणाच्या गळ्यावर जांभळ्या शाईच्या रेघा, कुणाच्या डोक्याला घट्ट रुमाल. आठवडेच्या आठवडे यायची आणि मग एक दिवस यायची बंद व्हायची. त्यातल्या एका शाळेतल्या बाईंशी डबलबेलची चांगली गट्टी जमली होती. त्या एकदा बसमध्ये चढल्या त्या बिस्किटांचा मोठा पुडा घेऊनच.

"आज शेवटचं हो माझं रेडिएशन," त्या म्हणाल्या. "अर्धा पुडा तुम्हाला, अर्धा तिथल्या मंडळींना."

"नर्सना का?"

"नर्स नव्हेत. रेडिएशन थेरपिस्ट म्हणतात त्यांना. डॉक्टर काय, अधूनमधून भेटतात. पण रोज हाताला धरून टेबलावर घेणारे, अगदी नेमकं ठेवणारे, मशीन चालवणारे तेच. त्यांचा चेहरा दिसला की निम्मी भीती जाते बघा."

"म्हणजे रोज तीच माणसं येणार, त्यांना नीट बसवायचं आणि सुखरूप उतरवायचं?"

"बसवायचं नाही, झोपवायचं. बाकी तुमचंच काम की!" शाळेतल्या बाई हसून उतरून गेल्या.

झालं! डोक्यात किडा शिरला. डबलबेलने डेपोत सुट्टी टाकली आणि हॉस्पिटलात जाऊन चौकशी केली. शाळेत विज्ञान घेतलं होतं, गुण बरे होते, तेवढं चालणार होतं. पण वयाची अट होती, आणि तिच्यासाठी हे शेवटचं वर्ष होतं. शिवाय नोकरी सोडून येणाऱ्यांना थेट वर्गात घेत नसत. आधी दोन महिने विभागात राहायचं, बघायचं, सांगितलं तेवढं करायचं. नंतर विभागाच्या मुख्य बाई हो म्हणाल्या तर प्रवेश, नाही म्हणाल्या तर घरचा रस्ता. डेपोतून दोन महिन्यांची बिनपगारी रजा मिळाली, तीही भांडारवाल्या साहेबांच्या पाया पडण्याइतकं करून.

घरी नवरा म्हणाला, "जा की. टायरांना तुझी भाषा कळणार नाही." सासूबाईंनी मात्र कपाळाला हात लावला.

"किरणं ती! अंगाला चिकटून घरात येतील. अजून माझ्या मांडीवर नातवंड नाही, आणि ही निघाली किरणांत उभी राहायला."

"अहो आई, दिवा मालवला की उजेड भिंतीला चिकटून बसतो का? तसंच हे. मशीन बंद, किरण बंद. आणि मशीन चालू असताना आम्ही आत नसतोच मुळी. हातभर जाड दाराबाहेर असतो."

"दिव्याचं मला शिकवू नकोस. आल्यावर आधी अंघोळ, मग माझ्या स्वयंपाकघरात पाऊल. आणि तुझा कप वेगळा."

कप वेगळा तर वेगळा. डबलबेलने वाद घातला नाही, हीच त्या घरातली त्या वर्षातली मोठी बातमी.

विभाग तळघरात होता. लांब बोळ, एका बाजूला वाट बघणाऱ्यांच्या खुर्च्या, शेवटी ते जाड दार. आत थंडगार खोली, मधोमध अरुंद टेबल आणि त्याच्याभोवती फिरणारं मशीनचं अवाढव्य डोकं. भिंतींतून आणि छतातून हिरव्या उजेडाच्या बारीक रेषा यायच्या आणि टेबलावर एकमेकींना छेदायच्या. पेशंटच्या अंगावर शाईच्या खुणा केलेल्या असत. त्या खुणा बरोबर त्या रेषांवर आणायच्या, मग सगळ्यांनी बाहेर यायचं, दार लावायचं, पडद्यावर पेशंटवर नजर ठेवायची आणि मशीन सुरू करायचं. ऐकायला सोपं आहे. करून बघा म्हणजे कळेल!

या सगळ्यावर राज्य मोठ्या मॅडमचं. पांढरे केस, सपाट चपला, आणि आवाज इतका हळू की ऐकायला माणसाला श्वास रोखावा लागे. त्यांच्यासोबत मशीन चालवायला एक चष्मेवाला थेरपिस्ट होता, स्वभावाने गरीब गाय. पहिल्याच दिवशी डबलबेलने दारातून "नमस्कार मॅडम!" असा दणका दिला, की चष्मेवाल्याच्या हातातला चहा सांडला आणि बाहेर दोन पेशंट उठून उभे राहिले.

मॅडम म्हणाल्या, "इथे कुणी बहिरं नाही."

पहिले काही दिवस बरे गेले. चादर बदलायची, पेशंटची पादत्राणं उचलून ठेवायची, हात द्यायचा. मग एक दिवस मॅडमनी तिला टेबलाच्या एका बाजूला उभं केलं. पेशंट एक आजोबा. स्वभावाने लाघवी, कानाने जरा कमी, पाठीवर निवांत पडलेले. खुणा रेषांपासून बोटभर बाजूला होत्या. मॅडम पलीकडून चादरीला हात घालणार, एवढ्यात डबलबेलच्या तोंडून वर्षानुवर्षांची सवय बाहेर पडली.

"आजोबा, जरा माझ्याकडे सरका!"

आजोबा बिचारे आज्ञाधारक. कोपरं टेकली, कंबर उचलली आणि सरकले. खूण बरोबर रेषेवर! डबलबेल खुशीत म्हणाली, "बघा मॅडम, एका झटक्यात बसलं!"

मॅडमनी खुणेवरून नजर हलवली नाही. नुसत्या उभ्या राहिल्या. डबलबेलही उभी राहिली. मग आजोबांनी दमून मोठा श्वास सोडला, आवळलेली पाठ सैल पडली, आणि खूण सरळ रेषेवरून घसरून बाजूला गेली.

मॅडमनी हळू आवाजात आजोबांना सांगितलं, "आजोबा, काही करू नका. झोपेत असता तसे जड व्हा." मग खालची चादर दोन्ही हातांनी धरून अलगद ओढली. आजोबा चादरीबरोबर आले आणि खूण रेषेवर येऊन राहिली. उपचार पार पडला, आजोबा सगळ्यांना हात जोडून गेले, आणि मग बोळाच्या टोकाला डबलबेलची जी कानउघाडणी झाली, ती आवाज न चढवता झाली. म्हणून जास्त लागली.

"माणूस आपणहून सरकला की अंग आवळून धरतो. आवळलेलं अंग कधी ना कधी सुटतं. आज ते मशीन सुरू व्हायच्या आधी सुटलं. सुरू असताना सुटलं असतं तर? किरण गाठीवर पडायचा तो शेजारच्या चांगल्या जागेवर पडला असता. पेशंटने मदत करायची नसते. सरकवायचं काम आपलं."

"चुकलं मॅडम. बसमध्ये..."

"ही बस नाही. यापुढे मी सांगेपर्यंत आत तोंड उघडायचं नाही. पुन्हा असं झालं तर दोन महिने पुरे होण्याची वाट बघणार नाही मी."

त्या दिवशी डबलबेल घरी आली ती मुकी होऊन. सासूबाईंना वाटलं, किरणं लागली. नवऱ्याला सगळं सांगताना तिला रडू फुटलं. "तोंड हेच माझं हत्यार होतं हो. तेच काढून घेतलं. हातांनी मला काय येतं? तिकीट फाडणं!"

नवरा उठला, पलंगावर चादर घातली आणि पाठीवर पडला. "ओढ."

"काय?"

"मला ओढ. मी जड होतो."

आता या गड्याला जड व्हायला वेगळं काही करायची गरजच नव्हती. पण गुदगुल्या भारी! चादर हलली की खी खी करून गोळा व्हायचा. "अहो, जड व्हा ना!" "होतोय गं, तू पोटाकडून ओढू नकोस!" सासूबाई दारातून बघून गेल्या आणि दोघांनाही किरणं लागली असं ठरवून मोकळ्या झाल्या. पण रोज संध्याकाळी हा तमाशा चालू राहिला, आणि हळूहळू तिच्या हातांना कळायला लागलं, की ओढायचं खांद्यांनी, झटका द्यायचा नाही, आणि माणूस खरंच सैल पडलाय की नुसता गप्प पडलाय, हे चादरीतूनच समजतं.

विभागात तिच्या तोंडाला कुलूप होतं. मॅडम काही म्हणत नव्हत्या, चांगलं नाही, वाईट नाही. पण तिला चादर धरू द्यायला लागल्या.

अशात तो मेकॅनिक आला. ट्रकचं इंजिन एकटा उचलेल असा गडी, नखांत जन्माचं काळं ग्रीस, आणि घशात गाठ. बरी होण्यासारखी होती, डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं, फक्त एकही दिवस न चुकवता यायला हवं. घशाच्या पेशंटला चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा घालतात. गरम पाण्यात मऊ केलेलं प्लॅस्टिक चेहऱ्यावर बसवून त्याच आकाराचा करतात आणि रोज तो घालून टेबलाला पक्का अडकवतात, म्हणजे डोकं केसभरही हलत नाही. श्वास घेता येतो, दिसतंही जाळीतून. पण मान जखडलेली, खोलीत एकटा, दार बंद.

दार लागून मशीन सुरू झालं आणि थोड्याच वेळात मेकॅनिकचा हात हवेत गेला. काही झालं तर हात वर करा, असं सांगितलेलं असतं. चष्मेवाल्याने तत्काळ मशीन थांबवलं, मॅडम आत धावल्या, मुखवटा काढला. गडी घामाने निथळत होता. दुसऱ्यांदा प्रयत्न केला, तेच. शेवटी टेबलावरून उतरून तो बाहेर बोळात आला आणि बूट शोधायला लागला.

"नको मला. जे व्हायचं ते होऊ दे," तो म्हणत होता. "मी इंजिनाखाली दिवस दिवस पडून असतो, कधी भ्यायलो नाही. पण इथे नाही जमत. घरी जातो."

मॅडम त्याला समजावत होत्या. त्याची बायको भिंतीला धरून उभी होती. आणि मेकॅनिकचे बूट होते कुणाच्या हातात? डबलबेलच्या. ती ते छातीशी धरून उभी होती, तोंडाला कुलूप. त्याने बूट घ्यायला हात पुढे केला, तिच्या तोंडाकडे बघितलं आणि थबकला.

"तुम्ही त्या बसवाल्या ना? तुम्ही मला एकदा गियरबॉक्ससकट खाली उतरवलं होतं!"

डबलबेलने मॅडमकडे पाहिलं. बोलावं तर प्रवेश जातो, न बोलावं तर हा माणूस जातो. डोळ्यांनीच तिने विचारलं. मॅडमनी होकाराची मान हलवली.

"उतरवणारच!" डबलबेल म्हणाली. "गियरबॉक्स सीटवर, आणि म्हातारी माणसं उभी! वर तिकीट मागितलं तर म्हणे गियरबॉक्सला अर्धं तिकीट द्या!"

मेकॅनिकची बायको रडता रडता फसकन हसली. "यांनी घरी सांगितलं होतं, कंडक्टरने माफी मागितली म्हणून."

"माफी? मी?"

गडी ओशाळला. खुर्चीवर बसला. डबलबेल बूट न देताच शेजारी बसली आणि हळू आवाजात, हो, तिला हळू आवाज होता, तिने विचारलं, "नेमकं काय होतं आत? श्वास अडकतो?"

"श्वास नाही अडकत," तो म्हणाला. "काही कळतच नाही हो. मशीन घरघरतं, इकडून तिकडे जातं, थांबतं. मला वाटतं संपलं. मग पुन्हा सुरू. आता किती राहिलं, सुरुवात आहे का शेवट आहे, काही पत्ता नाही. इंजिनाखाली असलो तर प्रत्येक आवाज कशाचा ते मला ठाऊक असतं. इथे मी नुसता डबा."

डबलबेलला हे प्रवासी पाठ होते. नव्या गावाला निघालेला, काचेतून अंधार बघणारा, दर थांब्याला उठून "आलं का?" विचारणारा. त्याला गप्प बसा म्हटलं की तो जास्त उठतो. प्रत्येक थांब्याचं नाव सांगत गेलं की पोचेपर्यंत जागचा हलत नाही. ती उठून मॅडमकडे गेली.

"मॅडम, बाहेरून माइकवर बोलता येतं ना आत? यांना फक्त सांगायचं, आता मशीन कुठे आहे आणि किती झालं. बाकी एक शब्द नाही. तुम्ही सांगा, नाहीतर मला सांगू द्या."

मॅडम म्हणाल्या, "तुझ्या आवाजाने तो टेबलासकट उडेल."

"उद्यापर्यंत आवाज खाली आणते."

मॅडमनी मेकॅनिककडे पाहिलं. तो बूट न घालता बसला होता, तेवढीच काय ती आशेला जागा. "उद्या याल?" त्यांनी विचारलं. तो डबलबेलकडे बोट दाखवून म्हणाला, "ह्या बोलणार असतील तर येतो. एकदा उतरवलं आहे मला, आता पोचवू देत."

संध्याकाळभर ती चष्मेवाल्याच्या मागे लागली. मशीन आधी कुठून निघतं, कुठे थांबतं, कोणता आवाज कशाचा, सगळं त्याच्याकडून वदवून घेतलं. त्या गरीब गाईच्या नाकी नऊ आले, पण त्याने सांगितलं सगळं मनापासून. घरी येऊन तिने अंघोळ केली आणि सासूबाईंपुढे जाऊन उभी राहिली.

"आई, एक काम आहे. पलंगावर पडा, तोंडावर हे पातळ फडकं घ्या, आणि मी बाहेरच्या खोलीतून बोलते ते ऐका. आवाज मोठा वाटला की हात वर करा."

"मी? किरणांचे खेळ माझ्यावर?"

"एका माणसाचा जीव आहे आई."

सासूबाई कुरकुरत पडल्या. पहिल्या शब्दाला हात वर. दुसऱ्याला हात वर. "अगं मेले, कानात ढोल वाजवतेस का?" मग हळूहळू हात वर यायचा बंद झाला. डबलबेल सांगत राहिली. आता मशीन उजवीकडे आहे. आता डोक्यावरून जातंय, घरघर होईल, ती फिरण्याची आहे. आता निम्मं झालं. बऱ्याच वेळाने आत जाऊन बघते तर सासूबाई फडक्याखाली घोरत होत्या. उठल्यावर त्यांनी चहा केला आणि सुनेला दिला, तो घरातल्या सगळ्यांच्या कपांमधल्याच एका कपात.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. मुखवटा चढला, कड्या लागल्या, दार बंद झालं. मशीनवर चष्मेवाला, मागे मॅडम, आणि माइकपुढे डबलबेल. मॅडमनी खूण केली.

"मी बोलतेय," ती म्हणाली. आवाज असा निघाला की तिचा तिलाच ओळखू येईना, मऊ, संथ, कुठेही न अडखळणारा. "निघालो आपण. मशीन तुमच्या उजव्या हाताला आहे. आता आवाज येईल, तो किरणांचा. तुम्हाला काही जाणवणार नाही."

पडद्यावर मेकॅनिकची बोटं टेबलाच्या कडेला आवळली होती.

"हा थांबला. आता नुसतं फिरतंय. डोक्यावरून पलीकडे जाणार. गेलं. आता दुसरा आवाज, पहिल्यापेक्षा थोडा लांब. तुम्ही काही करू नका, जड व्हा. आम्ही बघतोय तुम्हाला. निम्मं झालं."

बोटं सुटली. एकेक करून सुटली, आणि हात सैल पडला. चष्मेवाल्याने श्वास सोडला. डबलबेल शेवटपर्यंत सांगत राहिली, आणि "झालं, पोचलात, आम्ही आत येतोय" म्हणाली तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की आपण उभ्याच आहोत.

मुखवटा काढल्यावर मेकॅनिकच्या गालांवर जाळीची नक्षी उठली होती आणि त्या नक्षीतून तो लहान पोरासारखा हसत होता. "ए बाई," तो बायकोला हाका मारत बाहेर आला, "मी नाही हललो! अजिबात नाही हललो!" बोळातल्या खुर्च्यांवरच्या माणसांनी, ज्यांची एकमेकांशी धड ओळखही नव्हती, टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर तो एकही दिवस चुकला नाही. मधल्या आठवड्यांत त्याचा घसा भाजल्यासारखा झाला, गिळवेना, आवाज पार गेला, तरी आला. बोलता येत नव्हतं म्हणून टेबलावर चढताना डबलबेलकडे बघून हवेत बेलची दोरी ओढल्यासारखं करायचा. मग इतर पेशंटही मागायला लागले, "आम्हालाही सांगा की कुठवर आलंय." मॅडमनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि दुसऱ्या दिवशी चष्मेवाल्यालाही माइकवर सांगत जा म्हणाल्या. मेकॅनिकचं शेवटचं रेडिएशन झालं तेव्हा त्याने मुखवटा बगलेत मारला, गॅरेजच्या दारावर लावणार म्हणून, आणि गियरबॉक्सबद्दल डबलबेलची रीतसर माफी मागितली. घोगऱ्या आवाजात, सगळ्यांसमोर, बायको साक्षीला.

पण डबलबेलचं अजून कुठे ठरलं होतं! दोन महिने संपले. शेवटच्या दिवशी सगळे पेशंट गेले, चष्मेवाला मशीन बंद करायला निघाला, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "थांब. तू आत चल माझ्याबरोबर."

आत गेल्यावर मॅडमनी चपला काढल्या, बाजूला ठेवल्या आणि स्वतः टेबलावर चढून पाठीवर पडल्या. बाहीवर निळ्या खडूने एक फुली मारलेली होती, पोटावर एक, दुसऱ्या बाहीवर एक.

"किरण सुरू करायचे नाहीत. नुसतं मला रेषांवर लाव," त्या म्हणाल्या. "बोलून पेशंटला धीर देणं मी पाहिलं. ते तुला येतं. पण ज्याला ऐकू येत नाही, ज्याला तुझी भाषा कळत नाही, जो शुद्धीत नाही, तोही या टेबलावर येतो. त्याला काय सांगशील? मी आता तसा पेशंट आहे." आणि त्यांनी डोळे मिटले.

सगळ्या फुल्या रेषांपासून बाजूला होत्या, मुद्दाम. डबलबेलने दिवे मंद केले. हिरव्या रेषा मॅडमच्या पांढऱ्या कोटावर पडल्या. तिने चादरीच्या कडा हातांत घेतल्या आणि ओढायच्या आधी थांबली. काहीतरी बरोबर नव्हतं. वजन चादरीत येत नव्हतं. मॅडम गप्प होत्या, पण सैल नव्हत्या. खांदे वर चढलेले, जबडा घट्ट. हे परीक्षेसाठी मुद्दाम केलेलं नव्हतं. इतकी वर्षं दुसऱ्यांना आडवं करणारी बाई पहिल्यांदा आडवी झाली होती आणि आपलं अंग आवळलंय हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

आता ओढलं असतं तर फुली रेषेवर आली असती आणि नंतर घसरली असती. डबलबेलने चादर सोडली. मॅडमच्या गुडघ्यांखाली उशी सरकवली. एक हात त्यांच्या खांद्याखाली दिला, दुसरा खांद्यावर ठेवला, आणि काही न बोलता नुसता तसाच राहू दिला. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. दार उघडं होतं आणि दारात चष्मेवाला श्वास रोखून उभा होता. बराच वेळ गेला. मग तो खांदा हळूच खाली आला. मान जड झाली. हाताखाली अख्खं माणूस येऊन टेकल्यासारखं वाटलं.

तेव्हा तिने चादर धरली. खांद्यांनी ओढली, अलगद, एकदाच. पलीकडे जाऊन पुन्हा एकदा, थोडीशी. तिन्ही फुल्या रेषांवर आल्या. ती हात मागे घेऊन उभी राहिली. मॅडमनी मोठा श्वास घेतला, सोडला. फुल्या जिथल्या तिथे राहिल्या.

मॅडम उठेनात. डबलबेल घाबरली, पुढे होऊन तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तर त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांच्या कडेने पाणी वाहत कानाकडे चाललं होतं.

"मॅडम, दुखलं का काही?"

"नाही गं." त्यांनी डोळे उघडले नाहीत. "मला कधी कळलंच नव्हतं, आपण लोकांना काय देतो ते."

मग तशाच पडल्या पडल्या, दाराच्या दिशेने, त्या म्हणाल्या, "चष्मेवाल्या, ऑफिसात सांग, हिला वर्गात घेतलं. आणि मला जरा वेळ इथेच राहू दे. हिला म्हणावं, हात काढू नकोस."